पंचाहत्तरवरची लाल काट

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा मी त्या रिकाम्या लिफ्टला शिकवत होते.

शिकवण्याचा माझा तो पहिलाच दिवस. चौथ्या मजल्यावर मामाचा संध्याकाळचा क्लास होता. दिवसभर कामं करून आलेली माणसं तिथे तांत्रिक परवान्याच्या परीक्षेची तयारी करायची. भौतिकशास्त्राचे जुने सर अचानक सोडून गेले आणि नुकतीच एम.एस्सी. होऊन घरात बसलेली भाची मामाच्या हाताला लागली. तुला काय कठीण आहे, असं म्हणून त्याने खडूचा डबा माझ्या हातात दिला. कठीण काहीच नव्हतं... फक्त समोर बसणारे बाराही जण माझ्यापेक्षा वयाने मोठे होते. म्हणून लिफ्टमध्ये आवाज जरा जाड करून मी सराव करत होते. "मागच्या बाकावर बसणाऱ्यांनी नीट ऐका. मी दिसायला लहान असले, तरी माझ्या वर्गात बडबड चालणार नाही..."

आणि लिफ्टच्या छताच्याही वरून एक शांत आवाज आला.

"मॅडम, मधलं पुन्हा एकदा सांगता का? दिसायला लहान... त्याच्यापुढचं नीट ऐकू आलं नाही."

धरणी दुभंगावी आणि तिने पोटात घ्यावं असं वाटलं. पण अधांतरी लटकलेल्या माणसाला तीही सोय नसते.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. आधी बूट दिसले, मग गुडघे, मग हसू दाबून धरलेला एक चेहरा. त्याने हात पुढे केला, हाताला लागलेलं काळं ग्रीस बघितलं आणि हात वळवून मनगट पुढे केलं. "इथे धरा. इथे स्वच्छ आहे." मी मनगट धरून वर चढले, आभारही न मानता तडक वर्गात गेले, हजेरी घ्यायला मान वर केली, तर शेवटच्या बाकावर तोच. हात धुऊन, वही उघडून, अगदी शहाण्यासारखा बसलेला.

त्या परिसरातल्या सगळ्या लिफ्ट तोच सांभाळायचा. नऊ वर्षं. पण परवाना नसल्यामुळे तपासणीच्या कार्डावर त्याची सही चालत नसे. दुरुस्ती हा करायचा आणि सही करायला वेगळेच साहेब यायचे. परीक्षा दोन वर्षांतून एकदा व्हायची. मागच्या खेपेला तो नापास झाला होता. गणित पक्कं, पण व्याख्या लिहायला घेतल्या की गाडी अडायची. हे सगळं त्याने मला जिन्यात सांगितलं.

हो, जिन्यात. त्या दिवसानंतर लिफ्टमध्ये पाऊल टाकायची मला लाज वाटत होती. क्लास सुटला की मी चार मजले उतरून जायची. तिसऱ्याच दिवशी मागून पावलं वाजली.

"लिफ्ट सुरू आहे, मॅडम. मी स्वतः बघितली."

"मला जिना आवडतो."

"जिन्यात सराव चांगला होत असेल ना..."

मी रागावल्यासारखं दाखवलं आणि त्याने घाबरल्यासारखं. दोघांनाही ते धड जमलं नाही. मग रोजचंच झालं. एकेका मजल्याला एकेक शंका विचारत तो माझ्याबरोबर उतरायचा, आणि काही शंका तर इतक्या सोप्या असायच्या की त्या त्याला नाहीत हे मलाही कळायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची काच फुटलेली होती. पाऊस असला की तिथली पायरी ओली असायची, आणि तिथे आलो की तो काही न बोलता मनगट पुढे करायचा. आता हात स्वच्छ असायचे. तरी मनगटच. पाऊस नसेल त्या दिवशी मला उगाचच चुकल्यासारखं व्हायचं.

मग कप्पीचा धडा आला.

छताच्या हुकाला कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीच्या एका टोकाला तीन किलो आणि दुसऱ्या टोकाला पाच. मी मोठ्या ऐटीत आकृती काढली. पाच किलो खाली जाणार, तीन किलो वर येणार, त्यांचा वेग कसा वाढणार, सगळं रीतसर सोडवून दाखवलं. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती. पण पुस्तकात नसलेला एक प्रश्न मी माझ्या हुशारीने जोडला. हुकावर भार किती? आणि उत्तरही मीच देऊन टाकलं. तीन आणि पाच आठ, किलोला दहा धरले तर ऐंशी न्यूटन. त्यात काय विचार करायचा?

शेवटच्या बाकावरून हात वर झाला.

"मॅडम, ब्रेक लावून कप्पी थांबवली असेल तर ऐंशी. पण फिरायला लागली की कमी होतो. इथे पंचाहत्तर येईल."

थांबा, बघू या, एवढंच म्हणायचं होतं. पण दारात मामा उभा होता. पहिल्या बाकावरच्या पंपवाल्या काकांनी भुवई उंचावली होती. पाणीपुरवठ्याच्या पंपावर त्यांची उभी हयात गेलेली, माझ्या वडिलांच्या वयाचे. मला वाटलं, आता हे सगळे म्हणणार, ही दिसायलाच नाही, खरोखरच लहान आहे... आणि माझी जीभ सुटली.

"का हो, वजन काय हवेत विरघळतं? का वाटेत कोणी खातं?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले. त्याने हात खाली घेतला, फळ्याकडे एकदा बघितलं आणि वही मिटली. त्या संध्याकाळपासून वर्गात त्याचं नाव पडलं, पंचाहत्तर.

घरी आल्यावर मी चहाचं पाणी ठेवलं आणि ते उकळेपर्यंत वर्तमानपत्राच्या कडेला सहज मांडून बघितलं. दोरीतला ताण साडेसदतीस. दोरी कप्पीला दोन्ही बाजूंनी खाली ओढते, म्हणजे दोन वेळा साडेसदतीस. पंचाहत्तर. चुकलं असेल म्हणून पुन्हा मांडलं. पुन्हा पंचाहत्तर. पाणी आटून भांडं करपलं, तरी मी पेन्सिल घेऊन तशीच बसले होते. कान तापले होते. घरात कोणी नव्हतं, तरी मी तोंड ओंजळीत लपवलं.

उद्या सांगून टाकू, असं ठरवलं. उद्या आला आणि पंपवाले काका त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, काय पंचाहत्तर, आज तरी ऐंशी होणार का? सगळे हसले. माझं तोंड उघडलंच नाही. परवा सांगू म्हटलं. परवा तर आदल्या दिवसाचीही लाज त्यात मिसळली होती. असं करता करता पंधरा दिवस गेले. जिना मी सोडला. लिफ्टने खाली जायला लागले, कारण जिन्यात तो भेटला असता.

मग सराव परीक्षा झाली. पन्नासपैकी तीस मिळतील त्यांचेच फॉर्म क्लासतर्फे जायचे, असा मामाचा नियम होता. प्रश्नपत्रिका मामाने माझ्याच टिपणांवरून काढलेली. चार मार्कांचा प्रश्न होता, हुकावर भार किती. पेपर तपासायला माझ्याकडे आले. अकरा जणांनी माझ्यावर विश्वास ठेवून ऐंशी लिहिलं होतं. एकाने पंचाहत्तर लिहिलं होतं, एकेक पायरी रीतसर मांडून, खाली पट्टीने दुहेरी रेघ ओढून.

मला माहीत होतं. पंचाहत्तरला बरोबर म्हटलं तर अकरा ऐंशींवर काट मारावी लागणार, आणि का ते वर्गात उभं राहून सांगावं लागणार... लाल पेन माझ्या हातात होतं. मी पंचाहत्तरवर काट मारली. बाकीच्या प्रश्नांत तो पास होऊन जाईल, अशी मनाची समजूत घातली. बेरीज केली. अठ्ठावीस झाले.

सोमवारी यादी लागली. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली, मग पेपर उघडून ती काट बघितली, मग माझ्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त बघून निघून गेला. मंगळवारी त्याचा बाक रिकामा होता. बुधवारीही. फॉर्म शुक्रवारी जाणार होते, आणि तो चुकला की आणखी दोन वर्षं.

बुधवारी संध्याकाळी मी मामाला सगळं सांगितलं. मामाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, चुकतं माणसाचं, पण आता बोभाटा कशाला? अक्षर चांगलं म्हणून दोन मार्क वाढवतो, तीस होतील, फॉर्म जाईल. क्लासचं नाव राहील आणि तुझंही. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या रात्री जेवून शांत झोपले. लाज वाटायची तर त्या झोपेचीसुद्धा वाटायला हवी.

गुरुवारी सकाळी कोरा फॉर्म घेऊन मी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेले. भलंमोठं चाक, त्यावरून खाली गेलेल्या पोलादी दोऱ्या, एका बाजूला लिफ्ट आणि दुसऱ्या बाजूला तिला तोलणारं लोखंडी वजन. माझ्या फळ्यावरचीच आकृती, फक्त खरी. आणि नऊ वर्षं रोज तिच्यासमोर उभा राहिलेला माणूस तेलाचा डबा घेऊन वाकला होता.

तुमचे दोन मार्क वाढलेत, इथे सही करा, मी एका दमात म्हणाले. त्याने फॉर्म हातात घेतला नाही. हात ग्रीसचे होते.

"कशाचे वाढले?"

"अक्षराचे."

त्याने फडक्याने एकेक बोट पुसलं. "मॅडम, माझ्या अक्षराला आजवर कोणी एकही मार्क दिलेला नाही."

मग मला सांगावंच लागलं. पंचाहत्तर बरोबर होतं, माझं चुकलं होतं. माफ करा, असं मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की लिफ्टला शिकवणारी ती हीच का, असं कोणालाही वाटलं असतं.

"मला माहीत होतं, तुम्हाला कळलंय," तो म्हणाला. "तुम्ही जिना सोडलात ना, तेव्हाच."

खाली कोणीतरी बटण दाबलं असावं. चाक फिरायला लागलं, थांबलं.

"पंचाहत्तरचे चार द्या, आत्ता सही करतो. अक्षराचे दोन मला नकोत. आणि माझं सोडा, मी पुन्हा दोन वर्षं थांबेन. ते बाकीचे अकरा जण तुमचा ऐंशी डोक्यात घेऊन परीक्षेला जाणार आहेत... त्यांना कोण सांगणार? इथे तर फक्त ही मोटर ऐकतेय."

अकरा जण. खरं सांगते, इतक्या दिवसांत त्यांचा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. मी फक्त माझा चेहरा सांभाळत होते, आणि फार तर त्याचा. संध्याकाळी वर्गात या, एवढंच मी कसंबसं म्हणाले. तो म्हणाला, काम संपलं तर बघतो.

संध्याकाळी बाक रिकामाच होता. मामा दारात उभा राहून मला डोळ्यांनी नको नको म्हणत होता. मी फळ्यावर तीच आकृती काढली. तीन किलो, पाच किलो, हुक. हुकासमोर ऐंशी लिहिलं, आणि ते हातानेच पुसलं.

"हे उत्तर चूक आहे. पंचाहत्तर बरोबर आहे. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

इथे थांबता आलं असतं. खडू हातात मोडला.

"ज्या दिवशी शिकवलं, त्याच संध्याकाळी मला हे कळलं होतं. पेपर तपासताना मला माहीत होतं. माहीत असून मी त्यांच्या उत्तरावर काट मारली... कारण मला लाज वाटत होती."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. पंपवाल्या काकांनी आधी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे आम्ही त्यांना एवढे दिवस हसलो ते..."

"ते माझ्यामुळे, काका. पहिल्यांदा मीच हसले होते."

"पण बाई, फिरताना कमी होतो कसा? आमच्या डोक्यात शिरेल असं सांगा की."

मी सांगायला वळले तर दारात, मामाच्या मागे, तो उभा होता. खांद्याला पिशवी. केव्हापासून उभा होता देव जाणे. पिशवीतून त्याने एक छोटी कप्पी काढली. तिला ब्रेकची दांडी स्वतः बसवली होती. मग स्प्रिंगचा वजनकाटा, दोरी, एक किलोचं वजन, पाच किलोचं वजन, आणि खाली पसरायला चिंध्यांचं पोतं. तीन आणि पाचमध्ये काटा जरासाच हलतो, नजर चुकते, म्हणून एक आणि पाच घेतले, असं त्याने काकांना सांगितलं. कप्पीचं वजन वजा करून काटा आधीच शून्यावर आणला होता. एकच अडचण होती. छताला हुक नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही हुक व्हाल का?"

मी खुर्चीवर चढले. चढताना त्याने मनगट पुढे केलं. मी काटा दोन्ही हातांनी उंच धरला, खाली कप्पी, कप्पीला ब्रेक, दोन्हीकडे वजनं. काटा सहावर. माझे दंड थरथरायला लागले. सगळा वर्ग बाक सोडून भोवती जमला होता, आणि मी एवढ्या लोकांत, चोरी पकडली गेल्यासारखी, हात वर करून उभी होते.

"सोडू?"

"सोडा."

त्याने ब्रेक सोडला. पाच किलो खाली धावलं, एक किलो वर उडालं, आणि त्या अर्ध्या क्षणात माझे हात हलके झाले. अगदी खरोखर हलके. गणितात दोनदा मांडून जे मला पटलं होतं, ते आता खांद्यांना कळलं. काटा सहावरून सव्वातीनच्या आसपास उतरला, आणि वजन धप्पकन पोत्यावर पडलं. आईशप्पथ, असं काका म्हणाले आणि पुन्हा करा म्हणून मागे लागले. पाच वेळा केलं. पाचव्या वेळी मी काट्याकडे बघितलंच नाही, त्याच्याकडे बघितलं. तोही काट्याकडे बघत नव्हता.

"काट्याकडे बघा, पंचाहत्तर," काका म्हणाले. या वेळचं हसू वेगळं होतं.

मामा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. पण चूक शिकवणाऱ्याची, तर मार्क कोणाचेच कापायचे नाहीत, हे त्याने मान्य केलं. यादी बदलली. अठ्ठावीसचे बत्तीस झाले. शुक्रवारी दुपारी फॉर्मवर सही झाली आणि कागदाच्या कडेला ग्रीसचा ठसाही उमटला.

परीक्षेत कप्पीचं गणित आलंच नाही. व्याख्याच आल्या, आणि या खेपेला तो पास झाला, कारण दोन महिने जिन्यात मी एकेका मजल्याला एकेक व्याख्या पाठ करून घेतली होती. मात्र त्या काटेबद्दल तो पुन्हा एका शब्दानेही बोलला नाही. मी विषय काढला की त्याला काहीतरी दुसरंच आठवायचं. आणि माझ्या ओठांवर जे आलेलं असायचं, ते प्रत्येक मजल्याला उद्यावर जायचं. उद्या सांगू... हे शब्द मी पूर्वीही ऐकले होते, माझ्याच तोंडून. त्यांचं पुढे काय होतं ते मला माहीत होतं.

निकालानंतरच्या आठवड्यात इमारतीच्या लिफ्टची तपासणी झाली. संध्याकाळी मी आले तेव्हा तळमजल्यावर त्याची पिशवी दिसली, म्हणजे स्वारी अजून वर मशीनरूममध्येच होती. कित्येक दिवसांनी मी लिफ्टमध्ये शिरले. आत नवं कार्ड लावलं होतं. तारीख आजची, आणि खाली सही. वाकडी, मोठी, घाईघाईने केलेली, पण त्याची स्वतःची.

लिफ्ट तिसरा मजला ओलांडून वर निघाली, तेव्हा मी लाल बटण दाबून ती थांबवली. खडूचा डबा छातीशी धरला. आवाज जाड केला नाही.

"मागच्या बाकावर बसणाऱ्यांनी नीट ऐका," मी छताकडे बघून म्हणाले. "मला तुम्ही आवडता. त्या मनगटापासून आवडता. काट मारली तेव्हाही आवडत होता, म्हणून तर जास्त लाज वाटते... आणि हे आणखी पंधरा दिवस मनात ठेवायची माझी तयारी नाही."

वर काहीतरी खणकन पडलं. पाना असावा. मग दोऱ्यांची बारीक करकर.

"मॅडम," वरून आवाज आला. जरा कापत होता. "मधलं पुन्हा एकदा सांगता का?"

"ऐकू आलंय तुम्हाला."

"आलंय. पण तुमचं मागे एकदा चुकलं होतं... म्हणून खात्री करून घेतो."

चौथ्या मजल्यावर कोणीतरी फसकन हसलं. आवाज पंपवाल्या काकांचा होता, आणि त्यांना गप्प करणारा मामाचा. म्हणजे निकालाचे पेढे खायला जमलेला सगळा क्लास दाराला कान लावून उभा होता. माझे कान लाल झाले, गळा लाल झाला, डबा हातातून सुटून खडू लिफ्टभर पसरले.

मी ते पुन्हा सांगितलं. तेच, एकही शब्द न बदलता, चौथ्या मजल्यालाही नीट ऐकू जाईल असं.